मज्जातंतूंतील वीज

कोकणात भातकापणी उरकली, की पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात. त्या पेंढ्यात घातलेला हात, सरपणाच्या ढिगाखाली गेलेली बोटे, अंधारात वहाणेत सरकवलेला पाय, यांपैकी कशाचीही गाठ तांबड्या विंचवाशी पडू शकते. विंचवाच्या वेदनेला एकनाथांनी आपल्या भारुडात अजरामर करून ठेवले आहे. आणि ती वेदना मंत्राने उतरविण्याचा प्रयत्न गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. परंतु तांबड्या विंचवाची खरी भीती वेदनेची नव्हे. ज्या मुलावर विषाचा परिणाम अंगभर होतो, त्याला दंशाच्या जागी पुष्कळदा फारसे दुखतही नाही. ते घामाने निथळू लागते, त्याला वांत्या होतात, तळहात-तळपाय थंडगार पडतात, रक्तदाब वर चढतो. आणि काही तासांनी हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते व श्वास कोंडतो. १९८०च्या आधी असे कित्येक रुग्ण डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दगावत असत.

नांगीतून अंगात उतरणारे विष एका थेंबाएवढेही नसते. एवढ्याशा द्रवाने धडधाकट मूल मरणाच्या दारी कसे पोचावे? हे विष हृदयाला छिद्र पाडीत नाही की रक्त नासवीत नाही. ते केवळ एक दार अडवून धरते. हे दार मज्जातंतूच्या पापुद्र्यात असते. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते ते उघडावे आणि लगेच मिटावे, अशी निसर्गाची योजना आहे. विष त्याला वेळेवर मिटू देत नाही. या लहानशा दाराची हकीकत म्हणजेच मज्जातंतूंतील विजेची हकीकत होय; आणि ती समजून घेण्यास शास्त्रज्ञांना दोन शतके लागली.

त्या हकीकतीचा आरंभ इटलीतील बोलोन्या शहरी झाला. तेथील शरीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्वानी याने मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातूंचा स्पर्श करताच तो पाय झटक्याने हलतो, असे पाहिले आणि १७९१ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: प्राण्याच्या अंगात वीज असते. त्याचाच देशबंधू व्होल्टा याला हे मान्य झाले नाही. वीज बेडकात नसून दोन निरनिराळ्या धातूंच्या संयोगात आहे, असे त्याचे म्हणणे होते. आणि ते सिद्ध करण्याच्या ओघात त्याने १८०० साली जगातील पहिली विद्युत्‌घटमाला तयार केली. वाद मोठा झाला. पण आज मागे वळून पाहता दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते असेच दिसते. धातूंपासून वीज उत्पन्न होते हे खरे, आणि प्राण्याच्या अंगात स्वतःची वीज असते हेही खरे.

मात्र ही अंगातील वीज तारेतील विजेसारखी आहे काय? या प्रश्नाचे पहिले निर्णायक उत्तर जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८५० साली दिले. मज्जातंतूतून जाणारा संदेश इतका शीघ्र असावा की त्याचा वेग माणसाला कधीच मोजता येणार नाही, असे त्याच्या गुरूंचे, योहानेस म्युलर यांचे, मत होते. हेल्महोल्ट्झने बेडकाच्या स्नायूला जोडलेला मज्जातंतू घेतला. त्याला एकदा स्नायूजवळ आणि एकदा स्नायूपासून दूर विजेचा चिमटा दिला. आणि दोन्ही वेळा स्नायू आखडण्यास किती वेळ लागला, यातील फरक मोजला. वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरांच्या आसपास. आगगाडी धावते तो हा वेग! तारायंत्राच्या तारेतून संदेश जातो, तो याच्या लाखो पटींनी अधिक वेगाने. तेव्हा मज्जातंतूतून जे काही जाते, ते तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाहून वेगळे असले पाहिजे, हे उघड झाले.

वस्तुतः मज्जातंतू हा तारेच्या कामाला अगदीच कुचकामी आहे. त्याच्या पोटात तांबे नसते, खारट पाणी असते. आणि तांब्याच्या मानाने ते विजेला कोट्यवधी पटींनी अधिक विरोध करते. शिवाय त्याचे वेष्टन गळके असते. अशा तंतूच्या एका टोकाला वीज सोडली, तर थोड्याच मिलिमीटरांत ती विरून जाईल. आणि तरीही पायाच्या अंगठ्याला लागलेली ठेच मीटरभर लांब तंतूवरून, जशीच्या तशी, तसूभरही क्षीण न होता पाठीच्या कण्यापर्यंत पोचते. हे कसे घडते?

त्यासाठी तंतूच्या आत आणि बाहेर काय असते, ते पाहिले पाहिजे. मीठ पाण्यात विरघळले, की त्याचे कण फुटून विद्युत्‌भारित होतात. त्यांना आयन म्हणतात. सोडियमचा आयन धनभारित, पोटॅशियमचाही धनभारित, तर क्लोराइडचा ऋणभारित. शरीरातील प्रत्येक पेशीभोवती जो द्रव असतो, त्यात सोडियमचे आयन विपुल असतात आणि पोटॅशियमचे थोडे. पेशीच्या आत नेमके उलट असते. माणसाच्या मज्जापेशीत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्या सुमारे तीसपट असते. आणि बाहेर सोडियमचे प्रमाण आतल्या सुमारे दहापट. या दोन द्रवांच्या मध्ये स्निग्ध पदार्थाचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. असे सुमारे दीड लाख पापुद्रे एकावर एक रचावे, तेव्हा त्यांची जाडी एक मिलिमीटर भरेल.

तंतू स्वस्थ असतो, तेव्हा या पापुद्र्यातून पोटॅशियमला थोडीशी वाट असते, सोडियमला जवळजवळ नसते. दाटीतून विरळ जागेकडे जाणे हा कणांचा स्वभावच आहे. त्याप्रमाणे पोटॅशियमचे थोडे आयन बाहेर निसटतात. पण जाताना आपला धनभार बरोबर नेतात. त्यामुळे आतील बाजू ऋण होते, आणि हे ऋणत्वच उरलेल्या पोटॅशियमला मागे खेचू लागते. दाटीचा रेटा आणि विजेची ओढ यांची जेथे जवळजवळ बरोबरी होते, तेथे ही गळती थांबल्यासारखी होते. त्या वेळी आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टांनी ऋण असते. हातबत्तीतील एका मसाल्याच्या दाबाचा हा जेमतेम विसावा हिस्सा. ऐकावयास हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण तो किती पातळ पडद्यावर पेलला आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्या प्रमाणात हिशेब केला, तर एका सेंटिमीटरला एक लाख व्होल्ट पडतात. कोरड्या हवेत ठिणगी उडण्यास याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ताण पुरतो. म्हणजे माणूस निवांत झोपला असतानाही त्याच्या मज्जापेशी अशा ताणलेल्या धनुष्यासारख्या सज्ज असतात.

पोटॅशियमचा हा विचार जर्मनीतील यूलियुस बर्नस्टाइन याने १९०२ साली मांडला. संदेश जातो तेव्हा पापुद्रा क्षणभर सगळ्याच आयनांना मोकळा होतो आणि आत-बाहेरचा भेद शून्यावर येतो, असे त्याचे अनुमान होते. त्याच वर्षी ओव्हर्टन याने दाखवून दिले होते, की भोवतालच्या द्रवातील सोडियम काढून घेतले तर बेडकाचा स्नायू चेतनेला प्रतिसाद देईनासा होतो. हा धागा फार मोलाचा होता. पण त्याचा अर्थ लागण्यास पुढे चाळीसहून अधिक वर्षे जावी लागली. अडचण अशी, की मज्जातंतू केसाहूनही बारीक. त्याच्या आत मोजमापाचे साधन घालावे कसे?

ही अडचण एका समुद्रजीवाने दूर केली. कोकण किनाऱ्यावरचे लोक ज्याला माकूल म्हणतात, त्या स्क्विडच्या अंगात काही मज्जातंतू कमालीचे जाड, कधी कधी एक मिलिमीटरपर्यंत, असतात. संकटात सापडला की हा प्राणी पाण्याचा झोत मारून निसटतो, आणि त्या झोताचा हुकूम या जाड तंतूंवरून जातो. जे. झेड. यंग या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९३६ साली त्यांच्याकडे संशोधकांचे लक्ष वेधले. १९३९च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातील प्रयोगशाळेत पंचवीस वर्षांचा ॲलन हॉजकिन आणि एकवीस वर्षांचा अँड्र्यू हक्सली यांनी अशा तंतूच्या पोटात काचेची बारीक नळी सरळ लांबीने सरकवली आणि संदेश जात असताना आतील दाब मोजला. बर्नस्टाइनच्या मते तो शून्यावर येऊन थांबावयास हवा होता. तो थांबला नाही. शून्य ओलांडून तो पलीकडे गेला, आणि आतील बाजू क्षणभर सुमारे ४० मिलिव्होल्टांनी धन झाली! पापुद्र्याला केवळ भोके पडून असे होणे शक्य नव्हते. हे का घडले, याचा छडा लावण्याआधीच महायुद्ध पेटले. आणि दोघेही प्रयोगशाळा सोडून युद्धकार्यात गुंतले.

युद्ध संपल्यावर काम पुन्हा हाती घेतले गेले. हॉजकिन आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भोवतालच्या समुद्राच्या पाण्यातील सोडियम कमी करीत नेले. तसतशी संदेशाची उंची कमी होत गेली. ओव्हर्टनच्या जुन्या धाग्याचा अर्थ आता लागला. संदेशाच्या क्षणी पापुद्रा सगळ्यांना नव्हे, तर मुख्यतः सोडियमला वाट देतो. सोडियम बाहेर दाट, आत विरळ. शिवाय आतील ऋणभाराची ओढ. वाट मिळताच तो आत घुसतो आणि आतील बाजू धन करून सोडतो.

पुढचा प्रश्न होता, की ही वाट उघडते कशाने आणि मिटते कशाने? पापुद्र्यावरील दाब क्षणाक्षणाला बदलत असताना हे पाहणे अशक्य होते. म्हणून अमेरिकेतील कोल याने सुचवलेल्या युक्तीचा त्यांनी उपयोग केला. विद्युत्‌यंत्राच्या साहाय्याने दाब एका आकड्यावर जखडून ठेवावयाचा, आणि तो तेथे राखण्यासाठी किती प्रवाह द्यावा लागतो ते मोजावयाचे. या मोजणीतून दोन स्वतंत्र प्रवाह वेगळे काढता आले: आधी आत येणारा सोडियमचा, आणि किंचित उशिरा बाहेर जाणारा पोटॅशियमचा. दोन्ही वाटा दाबानेच उघडत होत्या. परंतु सोडियमच्या वाटेचा एक गुण विलक्षण होता. दाब तसाच जखडलेला असला, तरी ती थोड्या वेळाने आपोआप मिटत होती. जणू त्या दाराला दोन झडपा होत्या. एक दाब बदलताच चटकन उघडणारी, आणि दुसरी, तिच्या मागोमाग, सावकाश पण हटकून मिटणारी.

या माहितीवरून हॉजकिन आणि हक्सली यांनी समीकरणे मांडली. केंब्रिजचे गणकयंत्र दुरुस्तीसाठी बंद होते. तेव्हा हक्सलीने हाताने दांडा फिरवावयाच्या यंत्रावर कित्येक दिवस बसून ती सोडविली. संदेशाचा वेग सेकंदाला १८.८ मीटर असावा, असे गणिताने सांगितले. प्रत्यक्ष तंतूवर मोजलेला वेग होता २१.२ मीटर. संदेशाचा वेग न सांगता केवळ दारांच्या उघडमिटीवरून तो काढावा, आणि तो इतका जवळ यावा, हे शास्त्राच्या इतिहासातील एक मोठेच यश होय. हे लेख १९५२ साली प्रसिद्ध झाले आणि १९६३ साली दोघांना, जॉन एकल्स यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले.

आता संदेशाचा प्रवास नीट समजू शकतो. तंतूच्या एखाद्या ठिकाणी आतील ऋणत्व थोडे कमी झाले, की तेथील सोडियमची काही दारे उघडतात. सोडियम आत येतो, त्यामुळे ऋणत्व आणखी घटते, त्यामुळे आणखी दारे उघडतात. वाळल्या गवताला ठिणगी लागावी तसा हा प्रकार असतो. ठिणगी पुरेशी नसेल तर ती विझून जाते. पुरेशी असेल, तर भडका पूर्णच होतो. अर्धा संदेश असा नसतोच. मग दुसरी झडप मिटते, सोडियम थांबतो. उशिरा उघडलेल्या वाटेने पोटॅशियम बाहेर जातो, आणि आतील बाजू पुन्हा ऋण होते. हे सारे साधारण एका मिलिसेकंदात आटोपते. तेवढ्या वेळात शेजारच्या भागाला धग लागलेली असते. तेथे नवा भडका उडतो, मग त्याच्या शेजारी. म्हणूनच संदेश क्षीण होत नाही. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत जात नसून पावलोपावली नव्याने जन्म घेत असतो. आणि मिटलेली झडप पुन्हा सज्ज होण्यास थोडा अवधी लागत असल्याने तो मागेही फिरत नाही. जळून गेलेल्या गवतावर वणवा परतत नाही, त्याप्रमाणे.

सर्व संदेश सारखेच, तर हलका स्पर्श आणि जोराचा आघात यांतील फरक मेंदूला कळतो कसा? एड्रियन याने १९२६ साली एकेका तंतूतील संदेश नोंदवून दाखविले, की संवेदना तीव्र असली म्हणजे संदेश मोठे होत नाहीत. ते अधिक घाईघाईने, एकामागून एक येतात. फरक संख्येचा असतो, आकाराचा नव्हे.

वेगाची युक्तीही पाहण्यासारखी आहे. माणसाला स्क्विडसारखे जाड तंतू परवडणारे नव्हते. लाखो तंतू एका कण्यात बसवावयाचे होते. तेव्हा निसर्गाने काही तंतूंवर स्निग्ध वेष्टनाचे थर गुंडाळले आणि सुमारे मिलिमीटरच्या अंतराने उघडी गाठ ठेवली. संदेश या गाठीवरून त्या गाठीवर जणू उड्या मारीत जातो, आणि सर्वांत जलद तंतूंत सेकंदाला शंभर मीटरांहून अधिक वेग गाठतो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत तो सेकंदाला एक-दोन मीटरच असतो. ठेच लागल्यावर आधी तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने मागाहून ठणका येतो, याचे कारण हेच. एकाच ठेचेची बातमी दोन वेगळ्या वाटांनी पोचलेली असते.

परंतु ज्या भेदावर हे सारे चालते, तो आत-बाहेरचा भेद टिकवतो कोण? एका संदेशात फार थोडे आयन हलतात. स्क्विडच्या जाड तंतूत आतील पोटॅशियमचा सुमारे दहालाखावा भागच खर्च होतो. तरीही संदेश अखंड चालू असतात आणि गळतीही चालूच असते. डेन्मार्कमधील येन्स स्कोऊ याने १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूत एक प्रथिन शोधून काढले, त्यात या प्रश्नाचे उत्तर होते. हे प्रथिन पंपासारखे काम करते. अन्नापासून मिळालेली शक्ती खर्चून ते तीन सोडियम आयन बाहेर टाकते आणि दोन पोटॅशियम आयन आत घेते. आणि हे अहोरात्र चालते. माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. पण स्वस्थ शरीराच्या शक्तीचा सुमारे पाचवा हिस्सा तो वापरतो, आणि त्यातला मोठा भाग या पाणउपशासारख्या कामी लागतो. संदेश पाठवणे स्वस्त आहे. संदेशासाठी सदैव सज्ज राहणे महाग आहे. स्कोऊ यांच्या या शोधाला १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९५२ साली दारे ही केवळ कल्पना होती. समीकरणांत ती होती, डोळ्यांसमोर नव्हती. १९७६ साली जर्मनीत नेहेर आणि साकमान यांनी काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे तोंड पापुद्र्यावर टेकवून एकाच दाराची उघडमीट नोंदविली. आणि १९९८ साली अमेरिकेत मॅकिनन याने पोटॅशियमच्या एका दाराचा अणूअणूचा आराखडा प्रसिद्ध केला. ही दारे म्हणजे पापुद्र्यात आरपार बसलेली प्रथिनेच होत.

या दारांवर अनेक पदार्थ चालतात. दात काढण्यापूर्वी दिलेली सुई सोडियमची दारे बंद करते; वेदनेचा संदेश जन्मतच नाही, म्हणून हिरडी बधिर होते. केंड माशाचे विषही तेच करते, पण सर्व शरीरभर. त्याने श्वासाचे स्नायू लुळे पडून माणूस दगावतो. तांबड्या विंचवाचे विष याच्या नेमके उलट आहे. ते दाराच्या दुसऱ्या झडपेला मिटू देत नाही. सोडियम आत येतच राहतो आणि तंतू एका संदेशाऐवजी संदेशांचा भडिमार करतो. विषातील आणखी काही घटक पोटॅशियमच्या दारांना अडवतात, त्यामुळे पूर्वस्थितीवर येणेही लांबते. हृदय आणि रक्तवाहिन्या यांचा कारभार पाहणारे तंतू असे बेभान झाले, म्हणजे शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि त्या आवळलेल्या वाटांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. हातपाय थंड का पडतात आणि फुप्फुसांत पाणी का भरते, याचा उलगडा येथे होतो.

हा उलगडा झाला, तेव्हाच उपायाची दिशा सापडली. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून दंशानंतरच्या अवस्थांची बारकाईने नोंद केली. अडवलेले दार मोकळे करणे त्यांच्या हाती नव्हते. पण त्या दारातून सुटलेल्या वादळाचा आघात जेथे होतो, ती जागा राखणे शक्य होते. रक्तदाबासाठी आधीपासून वापरात असलेले प्राझोसिन हे औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. ते वेळेवर दिले, की हृदयावरील भार उतरतो. आणि तोवर शरीर विषाचा निचरा करून घेते. त्यांचा अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पूर्वी जेथे मृत्यू नित्याचा होता, तेथे तो विरळा झाला. पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविष प्राझोसिनच्या जोडीने दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, असेही २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आढळले. या कार्याबद्दल २०२२ साली त्यांना पद्मश्री किताब देण्यात आला.

बोलोन्यातील बेडकाचा पाय, प्लिमथ बंदरातील स्क्विड आणि कोकणातल्या पेंढ्यातील विंचू यांचा परस्परांशी वरवर काही संबंध दिसत नाही. पण त्या तिघांनी मिळून एकच गोष्ट शिकविली आहे. माणसाचे पाहणे, ऐकणे, चालणे, आठवणे आणि हृदयाचा प्रत्येक ठोका या चिमुकल्या दारांवर अवलंबून आहे. आणि ती उघडण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, ती वेळेवर मिटणे महत्त्वाचे आहे. तेव्हा कोकणातील एखाद्या घरी रात्री मूल विंचवाच्या दंशाने घामाघूम झाले, तर मांत्रिकाची वाट पाहण्यात घटका घालवू नये. त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे. कारण त्याच्या अंगात एक दार उघडे राहिलेले असते, आणि त्याचा इलाज आता माणसाला ठाऊक आहे.